शस्त्र न धरणारी रणदेवता

डब्लिन शहराच्या मध्यावर, ओकॉनेल स्ट्रीटला, जनरल पोस्ट ऑफिसची भव्य दगडी इमारत आहे. २४ एप्रिल १९१६ रोजी तिच्या दारात आयरिश प्रजासत्ताकाचा जाहीरनामा वाचला गेला आणि इंग्रजी सत्तेविरुद्धच्या ईस्टर उठावाला तोंड फुटलं. त्या उठावाचं स्मारक म्हणून १९३५ साली तिथं ब्राँझचा एक पुतळा बसवण्यात आला. ऑलिव्हर शेपर्ड या शिल्पकारानं तो उठावाच्या काही वर्षं आधीच घडवला होता. एक तरुण योद्धा दगडाच्या खांबाला स्वतःला बांधून घेऊन उभ्या उभ्या मेला आहे. मान कलंडलेली, गुडघे वाकलेले, आणि खांद्यावर एक काळा पक्षी.

योद्ध्याचं नाव कू खुलिन. अल्स्टर प्रांताचा हा वीर. मरतानाही शत्रूपुढं आडवं पडायचं नाही म्हणून त्यानं स्वतःला खांबाला बांधून घेतलं, आणि पक्षी अंगावर येऊन बसेपर्यंत त्याच्या जवळ जायची शत्रूची हिंमत झाली नाही, अशी कथा आहे. तो पक्षी म्हणजे मॉरिगन, असं आज बहुतेक जण सांगतात. सर्वांत जुन्या संहितेत मात्र पक्ष्याचं नाव दिलेलं नाही. ही ओळख नंतरच्या पिढ्यांनी पक्की केली. त्याच जुन्या संहितेत आणखी एक तपशील आहे. मरणाच्या आदल्या रात्री मॉरिगननं कू खुलिनचा रथ मोडून ठेवला होता. तो गेला तर परत येणार नाही हे तिला ठाऊक होतं, आणि त्यानं जाऊ नये असं तिला वाटत होतं.

ज्ञानकोशांत मॉरिगनची नोंद ‘केल्टिक युद्धदेवता’ अशी असते. आजच्या चित्रांत आणि व्हिडिओ गेममध्ये ती चिलखत चढवून, तलवार उपसून, काळ्या पिसांचा झगा पांघरून उभी असते. कथा मुळातून वाचायला घेतल्या की पहिली गोष्ट जाणवते ती ही, की तिच्या हातात तलवार जवळजवळ कुठंच नाही. तिचं हत्यार म्हणजे तिची वाणी. ती भाकीत करते, डिवचते, धमकावते, मंत्र म्हणते, विजयाची द्वाही फिरवते. लढाई माणसं लढतात; त्या लढाईचा अर्थ काय, कोण जगणार, कोण मरणार आणि मागं काय उरणार, हे ती बोलते.

या कथा आपल्यापर्यंत कशा पोचल्या ते आधी पाहायला हवं, कारण मॉरिगनबद्दलचे निम्मे वाद तिथंच सुरू होतात. आयर्लंडवर रोमन साम्राज्याची सत्ता कधी आली नाही. ख्रिस्ती धर्म तिथं पाचव्या शतकात रुजला, त्याच्याबरोबर मठ आले, कातड्यावर लिहिण्याची विद्या आली, आणि जुन्या देवदेवतांच्या गोष्टी लिहून ठेवल्या त्या मठांतल्या ख्रिस्ती लेखकांनी. ‘लेबोर ना हिद्र्या’, म्हणजे तपकिरी गायीची पोथी, इसवी सन ११०० च्या आसपासची आहे. संत कियारन यांच्या लाडक्या गायीच्या कातड्यावर ती लिहिली अशी आख्यायिका, म्हणून हे नाव. ती आज डब्लिनच्या रॉयल आयरिश अकादमीत आहे. तिच्या लेखकांपैकी एक, मेल मुरे, ११०६ साली क्लॉनमॅकनॉइसच्या मठावर लुटारूंनी धाड घातली त्यात मारला गेला.

बाराव्या शतकातल्या ‘लेन्स्टरच्या पोथी’त तर एक विलक्षण नोंद आहे. ‘टॉइन बो कूलन्या’ हे मोठं आख्यान लिहून संपवल्यावर आधी आयरिश भाषेत आशीर्वाद येतो: जो कोणी हे आख्यान काहीही न बदलता मुखोद्गत ठेवील त्याचं भलं होवो. लगेच खाली, लॅटिनमध्ये, वेगळाच सूर लागतो. या गोष्टींवर माझा विश्वास नाही, यातलं काही सैतानी माया आहे, काही कवींची कल्पना आहे, काही खुळ्यांच्या करमणुकीसाठी आहे, अशा आशयाचं ते निवेदन आहे. स्वतःच्या भाषेत जिव्हाळा आणि धर्माच्या भाषेत हात झटकणं, दोन्ही एकाच पानावर. मला हे पान फार मोलाचं वाटतं. श्रद्धा सोडली तरी गोष्ट सोडवत नाही, अशा माणसांनी मॉरिगनला वाचवलं आहे.

‘टॉइन’ ही गोग्रहणाची कथा आहे. आपल्याकडच्या वीरगळांवर गाई सोडवताना पडलेले वीर कोरलेले असतात. तसाच हा समाज, जिथं गुरं हीच संपत्ती आणि गुरं पळवणं हाच पुरुषार्थ. कॉनॉट प्रांताची राणी मेव्ह हिला अल्स्टरमधला ‘डॉन’ नावाचा तपकिरी बैल हवा असतो. ती सैन्य घेऊन निघते. अल्स्टरचे सगळे वीर तेव्हा एका शापामुळं गलितगात्र होऊन पडलेले असतात. माखा नावाच्या स्त्रीला तिथल्या राजानं भरल्या दिवसांत घोड्यांशी शर्यत लावायला भाग पाडलं; ती जिंकली, तिथंच बाळंत झाली, आणि तुमच्यावर संकट येईल तेव्हा तुम्हालाही बाळंतपणाच्या वेणा सोसाव्या लागतील असा शाप तिनं दिला. शापातून सुटलेला एकटा कू खुलिन. वय सतरा. नदीच्या उतारावर उभा राहून तो रोज एकेका वीराशी द्वंद्व करत सैन्य अडवून धरतो.

याच काळात एक देखणी तरुणी भरजरी वेषात त्याच्याकडं येते. मी बुआन राजाची मुलगी, तुझी कीर्ती ऐकून तुझ्यावर जीव जडला, माझं धन आणि गुरंढोरं घेऊन आले आहे, असं सांगते. लढून लढून तो थकलेला आहे, खायची भ्रांत आहे. मला आत्ता बाईसाठी वेळ नाही म्हणून तो तिला झिडकारतो. मग तिची भाषा बदलते. तू लढत असशील तेव्हा मी वाम मासा होऊन तुझ्या पायांना वेटोळं घालीन, राखाडी लांडगी होऊन गुरं तुझ्या अंगावर घालीन, बिनशिंगी तांबडी कालवड होऊन कळपाच्या पुढं धावत येईन. तोही गप्प बसत नाही. मी तुझ्या बरगड्या मोडीन, डोळा फोडीन, तंगडी मोडीन, आणि त्या जखमा माझ्या तोंडून आशीर्वाद निघाल्याशिवाय बऱ्या होणार नाहीत.

लोख नावाच्या वीराशी त्याची झुंज जुंपते. दाढी न फुटलेल्या पोराशी लढायला लोख तयार नसतो, म्हणून कू खुलिन खोटी दाढी लावून पाण्यात उतरतो. ती तरुणी म्हणजे मॉरिगन; बोलल्याप्रमाणं ती तिन्ही रूपांत येते. पाय अडकतो, लोखचे घाव बसतात, पण कू खुलिन बोललेलं खरं करतो: बरगड्या, डोळा, पाय. लोख मरतो. कू खुलिनही पार गळून जातो.

आणि मग या कथेतला मला सर्वांत भावलेला प्रसंग येतो. तहानेनं व्याकूळ झालेल्या कू खुलिनला एक म्हातारी गाय पिळताना दिसते. म्हातारी एका डोळ्यानं आंधळी, पायानं लंगडी. गायीला तीन सड. तो दूध मागतो. ती एका सडाचं दूध देते. तो पिऊन आशीर्वाद देतो, आणि म्हातारीची एक जखम भरून येते. पुन्हा दूध, पुन्हा आशीर्वाद, दुसरी जखम. तिसऱ्यांदा तेच. मग ती त्याला आठवण करून देते: माझ्या जखमा तू कधीच बऱ्या करणार नाहीस म्हणाला होतास ना? तू आहेस हे कळलं असतं तर केल्याही नसत्या, असं तो उत्तर देतो.

याला नुसती फसवणूक म्हटलं तर प्रसंगाचा गाभा हातातून सुटतो. देवी मानवी वीराच्या शब्दानं बांधली गेली आहे आणि त्या शब्दातून सुटायला तिला त्याचाच शब्द लागतो. त्या बदल्यात तिनं त्याची तहान भागवली आहे. दोघं एकमेकांचे वैरी आहेत आणि एकमेकांवाचून त्यांचं अडतंही. पोर असताना कू खुलिन रात्री रणभूमीवर पडला होता, तेव्हा प्रेतांच्या गर्दीतून बाइव या मॉरिगनच्या बहीण-देवीनं त्याला टोमणा मारला आणि त्या सरशी तो उठून उभा राहिला, अशीही एक आठवण याच आख्यानात आहे. त्याचा वीर होण्याचा प्रवास या देवींच्या डिवचण्यातूनच सुरू झालेला आहे.

युद्धाचं मूळ असलेल्या बैलाशीही मॉरिगन बोलते. पक्ष्याच्या रूपात एका उभ्या दगडावर बसून ती डॉनला सावध करते: सैन्य येतंय, इथून निघ. बैल ऐकतो आणि आपल्या कालवडी घेऊन डोंगराकडं निघून जातो. ‘टॉइन बो रेगमना’ या छोट्या पूर्वकथेत तर ती स्वतःच एक गाय हाकत घेऊन चाललेली दिसते. तांबडी स्त्री, तांबडा झगा, रथाला एकच पाय असलेला तांबडा घोडा, आणि रथाची दांडी घोड्याच्या अंगातून आरपार जाऊन कपाळातून बाहेर आलेली. कू खुलिन तिला अडवतो, भांडतो, आणि पाहता पाहता रथ, घोडा, स्त्री सगळं नाहीसं होऊन फांदीवर काळा पक्षी उरतो. त्याच्या मरणावर आपलं लक्ष आहे हे ती त्याला तिथंच सांगून टाकते. या शब्दांत धमकी आहे की राखण, यावर अभ्यासक अजून एकमत झालेले नाहीत. मला वाटतं दोन्ही आहे.

मॉरिगन ‘तूहा दे दानन’ या दैवी कुळातली. या कुळाचं फोमोरी नावाच्या शत्रूंशी जे महायुद्ध झालं त्याची कथा म्हणजे ‘मॉयटुराची लढाई’. युद्धाच्या आधी, साउइन सणाच्या सुमारास, याच कुळातला देव दाग्दा स्लायगो परगण्यातल्या उनशिन नदीवर येतो. मॉरिगन तिथं धुत असते. एक पाय या काठावर, दुसरा त्या काठावर, डोक्यावर नऊ मोकळ्या बटा. दोघं एकत्र येतात, आणि मग ती त्याला शत्रू कुठं उतरणार ते सांगते आणि मदतीचं वचन देते. फोमोरींचा राजा इंदेख याच्या काळजातलं रक्त आणि मर्दुमकी मी काढून घेईन असं म्हणून ती त्या रक्ताच्या दोन ओंजळी वाट पाहणाऱ्या सैन्याला देते. युद्ध उभं राहण्याआधीच तिनं ते अर्धं जिंकून दिलेलं असतं.

लढाई संपल्यावर ती आयर्लंडच्या उंच टेकड्यांना, नद्यांना, नदीमुखांना विजयाची बातमी सांगते. कोणी तिला विचारतं, काय वार्ता? त्यावर ती जे काव्य म्हणते ते शांततेचं आहे: आकाशापासून धरतीपर्यंत शांतता, प्रत्येकाच्या अंगी बळ, काठोकाठ भरलेलं मधाचं पात्र. रणदेवतेच्या तोंडी शांततेचं हे स्तोत्र आहे हे कळल्यावर तिच्याबद्दलच्या सगळ्या सोप्या व्याख्या अपुऱ्या वाटू लागतात. पाठोपाठ ती दुसरं भाकीतही करते, जगाच्या ऱ्हासाचं: फुलांवाचून उन्हाळा, दुधावाचून गुरं, खोटे न्यायनिवाडे. विजय आणि त्याची नासाडी ती एका दमात सांगते.

तिची ठाणी आजही नकाशावर दाखवता येतात. मेव्ह राणीची राजधानी समजलं जाणारं रॅथक्रोहन हे रॉसकॉमन परगण्यातलं मोठं पुरातन स्थळ. तिथंच एका शेताच्या कडेला ओवेनगॅट, म्हणजे मांजरांची गुहा आहे. तोंड इतकं अरुंद की सरपटतच आत शिरावं लागतं. सुरुवातीचा भाग माणसांनी दगड रचून केलेला, पुढं चुनखडीतली नैसर्गिक भेग. प्रवेशाजवळच्या एका दगडावर ओघम लिपीत ‘मेव्हचा मुलगा फ्रेख’ याचं नाव कोरलेलं आहे. जुन्या कथांत हे मॉरिगनचं घर. तिच्या बैलामागं गेलेली आपली गाय शोधत ओड्रास नावाची स्त्री क्रोहनपर्यंत आली, वाटेत झोपली, आणि मॉरिगननं मंत्र म्हणून तिचं पाणी करून टाकलं, अशी स्थळकथा आहे. ख्रिस्ती लेखकांनी या गुहेला आयर्लंडमधलं नरकाचं द्वार ठरवलं. बॉइन नदीच्या खोऱ्यातल्या दोन टेकड्यांना मॉरिगनचे स्तन म्हणत. रणांगणापेक्षा जमीन, पाणी आणि गुरं यांच्याशी तिचं नातं किती जवळचं होतं ते या ठिकाणांवरून कळतं.

ती एक की तीन? कथांमध्ये मॉरिगन, बाइव आणि माखा या बहिणी म्हणून येतात, कुठं नेमान येते, कुठं आनंद हे नाव येतं. कधी ही नावं एकमेकींच्या जागी वापरलेली दिसतात. मध्ययुगीन लेखकांना यात अडचण वाटत नव्हती. अडचण आजच्या वाचकांना वाटते.

ख्रिस्ती धर्म येण्यापूर्वीच्या आयर्लंडमध्ये तिची पूजा होत होती याचा शिलालेख किंवा मंदिराचा पुरावा नाही. तिच्या नात्यातली एक देवी मात्र फ्रान्समध्ये दगडावर सापडते. आल्प्सच्या पायथ्याशी, ओत-साव्हुआ भागात, रोमन काळातला एक लेख मिळाला. त्याचं पहिलं अक्षर तुटलेलं आहे आणि अभ्यासक ते ‘काथुबोदुआ’ असं वाचतात. आयरिश ‘बाइव काथा’, म्हणजे लढाईची कावळी, हिच्याशी ते नाव जुळतं. उलट नवव्या शतकातल्या एका टिपणकारानं बायबलमधल्या ‘लामिया’ या राक्षसिणीचा अर्थ सांगताना स्त्रीरूपातली विक्राळ आकृती, म्हणजेच मॉरिगन, असं लिहून ठेवलं. म्हणजे तोवर देवीची हडळ व्हायला लागली होती. आर्थर राजाच्या कथांतली जादूगारीण मॉर्गन ही तिचीच वंशज, असं पुष्कळ ठिकाणी छापलेलं असतं. त्या दोन नावांची मुळं वेगळी आहेत, आणि भाषाशास्त्रज्ञ तो धागा मानत नाहीत.

आता आजच्या उपासकांविषयी. ब्रिटनमधला चेटूकविरोधी कायदा १९५१ साली रद्द झाला. १९५४ साली जेरल्ड गार्डनर यांचं ‘विचक्राफ्ट टुडे’ आलं आणि विका हा नवा निसर्गपूजक पंथ लोकांसमोर आला. त्याआधी, १९४८ साली, कवी रॉबर्ट ग्रेव्हज यांनी ‘द व्हाइट गॉडेस’मध्ये कुमारी, माता आणि वृद्धा अशा त्रिरूप देवीची मांडणी केली होती. ती कवीची मांडणी होती, पण इतकी आकर्षक की पुढं प्रत्येक केल्टिक देवीवर ती चढवली गेली. मॉरिगनवरही. जुन्या कथांतल्या तीन बहिणी वयाच्या तीन पायऱ्या नाहीत; त्या तिघी स्वतंत्र आहेत आणि तिघीही भयंकर आहेत. हा साचा तिला बसत नाही, हे सांगण्यात आता खुद्द उपासकच पुढं आहेत.

कारण १९८० नंतर पेगन, म्हणजे जुन्या देवदेवतांकडं नव्यानं वळलेल्या, लोकांमध्ये एक वेगळा प्रवाह तयार झाला. त्यांचं म्हणणं असं, की जुन्या देवतांना मानायचं तर आधी जुन्या संहिता वाचा. काहींनी जुनी आयरिश भाषा शिकून घेतली. मॉर्गन डेमलर यांचं मॉरिगनवरचं छोटं पुस्तक २०१४ मध्ये आलं, मॉर्फियस रेव्हेना यांचं मोठं पुस्तक २०१५ मध्ये. दोन्ही उपासकांनी लिहिलेली आहेत आणि दोन्हींत पोथ्यांचे दाखले आहेत. मला स्वतःला या प्रामाणिकपणाचं मोल वाटतं. अखंड परंपरा कुठंतरी लपून टिकली होती असा दावा करणं सोपं होतं. आमचा धर्म नवा आहे, देवी जुनी आहे, आणि मधलं अंतर आम्ही अभ्यासानं आणि स्वानुभवानं भरतो, असं म्हणणं अवघड आहे. २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समध्ये सुमारे ७४,००० लोकांनी आपला धर्म पेगन असा नोंदवला. मॉरिगनची उपासना हा त्या मोठ्या वर्तुळातला एक भाग.

तिच्याकडं लोक का वळतात? उपासकांच्या लिखाणात एक गोष्ट वारंवार येते: आयुष्य मोडून पडलं तेव्हा ती आली. घटस्फोट, अत्याचार, व्यसनातून बाहेर पडण्याची धडपड, सैन्यातल्या नोकरीनंतरची अस्वस्थता. ती मायेनं कुरवाळत नाही. प्रेतांच्या गर्दीत पडलेल्या पोराला बाइवनं टोमणा मारून उठवलं, तीच मॉरिगनचीही रीत, असं हे लोक मानतात. साध्या घरगुती देव्हाऱ्यात लाल कापड, दूध किंवा व्हिस्की, कावळ्याचं चित्र असतं. अमेरिकेत कावळ्याचं खरं पीस बाळगणंसुद्धा स्थलांतरित पक्ष्यांच्या कायद्याखाली गुन्हा ठरतं, म्हणून जाणते उपासक ते टाळतात. ऑक्टोबरच्या शेवटी येणारा साउइन हा तिचा मोठा सण.

रणदेवतेला रक्त हवं, हे जुन्या कथांवरून कोणीही म्हणेल. कॅलिफोर्नियातल्या ‘कोरू काथुबोदुआ’ या पुरोहितमंडळींनी याचं जे उत्तर काढलं ते मला मनापासून पटतं. पेगन संमेलनात त्यांनी रक्तदान शिबिर भरवलं आणि तेच देवीला अर्पण मानलं. दाग्दाच्या सैन्याला दोन ओंजळी रक्त देणारी मॉरिगन ज्यांनी नीट वाचली आहे त्यांनाच हे सुचू शकतं.

रॅथक्रोहनला जायचं झालं तर जवळच्या टल्स्क गावात माहिती केंद्र आहे. तिथून वाटाड्या घेऊन गुहेपर्यंत जाता येतं. आत दगड ओले आणि निसरडे असतात, चिखल भरपूर असतो, त्यामुळं जुने कपडे आणि बॅटरी लागते. मेणबत्त्या, नाणी, रंगीत खडे आत ठेवून येऊ नयेत. धुरानं आणि मेणानं दगडाचं नुकसान होतं. दूध द्यायचंच असेल तर ते घरी द्यावं, असं अनुभवी उपासक नव्यांना सांगतात.